वाळक्या मिरचीचा डबा

आमच्या आणि तात्यांच्या घरातली भिंत एकच होती, आणि ती वर कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. आजोबांनी दोन मुलांना घर वाटून देताना ती मधोमध घातली, पण वर हातभर जागा तशीच सोडली. विटा कमी पडल्या की गवंड्याचा दिवस भरला, कोण जाणे. त्या हातभर फटीतून पलीकडचं सगळं आमच्याकडे यायचं. रेडिओ यायचा, हसणं यायचं, रविवारी सकाळी कांदा-खोबरं भाजल्याचा वास यायचा आणि त्याच्या मागोमाग मटणाचा. मी आता सत्तरीच्या पुढे गेलो आहे आणि लोक लहानपणाविषयी लिहिताना माया, कष्ट, संस्कार वगैरे लिहितात ते मी वाचलेलं आहे. माया आमच्याकडेही होती. पण खरं सांगायचं तर माझ्या त्या वयातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात टिकाऊ भावना म्हणजे जळणं. मी तात्यांच्या विलासवर जळायचो. सकाळी उठल्यापासून जळायचो, आणि ते काम मी मनापासून करायचो.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचा एक ट्रक होता. कारखाने सुरू झाले की तो ट्रक बिद्रीच्या कारखान्याला ऊस ओढायचा, आणि त्या चार-पाच महिन्यांत तात्यांच्या घरात रोज काहीतरी नवीन वाजायला लागायचं. एका वर्षी टेपरेकॉर्डर आला. एका वर्षी मिक्सर आला. आमच्या गल्लीतला तो पहिला मिक्सर, आणि काकी त्यात चमचाभर जिरंसुद्धा फिरवायची. एका वर्षी मोटरसायकल आली. आमचे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरायचे. फौंड्रीत जे काही वाजायचं ते तिथेच राहायचं. घरी येताना आण्णा फक्त काळे हात आणि डब्यातली उरलेली अर्धी भाकरी घेऊन यायचे. त्यामुळे आमच्या बाजूला आवाज दोनच. एक आईच्या पाट्या-वरवंट्याचा आणि दुसरा तिच्या डब्यांच्या झाकणांचा.

त्या डब्यांविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पगार झाला की आण्णा पाकीट देवापुढे ठेवायचे, आणि आई चुलीशेजारच्या फळीवरचे चहा पावडरीचे सहा रिकामे डबे खाली उतरवायची. कुठला डबा कशाचा हे विसरू नये म्हणून प्रत्येकाच्या तळाशी तिने एकेक खूण टाकून ठेवली होती. तांदळाचे चार दाणे म्हणजे किराणा. खडूचा तुकडा म्हणजे माझी आणि अक्काची शाळा. काडेपेटीची रिकामी पेटी म्हणजे रॉकेल आणि लाईट. ओव्याची पुरचुंडी म्हणजे औषधपाणी. तमालपत्र म्हणजे रविवारचं मटण. आणि सुपारी म्हणजे पावणं. कोल्हापूरकडे पावणं सांगून येत नाहीत आणि आले की जेवल्याशिवाय जात नाहीत, म्हणून त्यांचा डबा वेगळा. एकदा नोटा डब्यांत पडल्या की आईचा एकच कायदा असायचा.

"ह्या डब्याचं त्या डब्यात जानार न्हाय. संपलं की संपलं. मग गप तोंड मिटून बसायचं."

आणि खरोखरच बसायला लागायचं. किराण्याचा डबा पंचवीस तारखेला आटला तर पुढचे दिवस आम्ही भाकरी, मिठातला कांदा आणि आईची कांदा-लसूण चटणी खाल्ली आहे. शेजारी मटणाच्या डब्यात नोटा असताना खाल्ली आहे. आता माझ्या फोनमध्ये सगळे पैसे एकाच ठिकाणी असतात. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, सुनेच्या वाढदिवसाच्या केकला, सगळ्यांना तिथूनच जातं, आणि महिन्याच्या वीस तारखेला ते कुठे गेले हे मला सांगता येत नाही. मी सदतीस वर्षं एका ऑफिसात नोकरी केली. आईच्या त्या फळीइतकी पक्की व्यवस्था मला कधी जमली नाही.

तमालपत्राच्या डब्याने महिन्याचे चार रविवार निघायचे. पण पावसाळा लागला की काय व्हायचं कुणास ठाऊक, चौथ्या रविवारी आई झाकण उघडून आत बघायची आणि म्हणायची, "ह्या रविवारी घुट्टंच खावा." का, हे आण्णांनी कधी विचारलं नाही. मी विचारलं तर, "महागलंय," एवढंच उत्तर. आम्ही डाळीचं पातळ घुट्टं भुरकत असायचो आणि वरच्या फटीतून तांबड्या रश्श्याचा वास खाली उतरत असायचा. विलास हाडूक ओढून खायचा त्याचाही आवाज ऐकू यायचा. मला तो मुद्दाम मोठ्याने ओढतो असं वाटायचं. आज मी शपथेवर सांगतो की तो मुद्दामच ओढायचा.

त्यात आणखी एका गोष्टीने माझा तळतळाट व्हायचा. पावसाळ्याच्या दिवसांत महिन्यातून एक-दोनदा आई पितळेच्या छोट्या डब्यात चटणी भरायची, वर फडकं बांधायची आणि मला म्हणायची, "काकीला दिऊन ये. वाटंत उघडू नगंस. काय बोलूबी नगंस." ज्यांच्या घरात मिक्सर होता, मोटरसायकल होती, त्यांना आमची चटणी कशाला? काकी डबा घ्यायची, आतल्या खोलीत जायची आणि दोन दिवसांनी त्यात गुळाचा खडा घालून परत पाठवायची, कारण भांडं रिकामं परत द्यायची रीत नाही. गुळाचा खडा मी वाटेतच खाऊन टाकायचो. तेवढीच माझी वसुली.

मी अकरावीत होतो त्या वर्षी दसऱ्याला विलासच्या पायात नव्या वहाणा आल्या. कोल्हापुरी वहाण काय प्रत्येकाच्याच पायात असायची, माझ्याही होती, अंगठ्याजवळ दोनदा शिवलेली. पण विलासची वाजायची. तळाच्या दोन थरांच्या मध्ये विंचू नावाचं एक वाळकं बी घालून शिवतात, आणि मग पाऊल पडलं की कर्र, उचललं की कर्र. तो गल्लीच्या तोंडाशी आला की घराघरातल्या बायका न बघता म्हणायच्या, "विलास आला." तालमीच्या कट्ट्यावर तो पोचायच्या आधी त्याचा आवाज पोचायचा आणि पोरं सरकून जागा करायची. माझ्यासाठी कोणी सरकायचं नाही. मी आलो हे बसल्यावर कळायचं. पहाटे तो दूध आणायला निघाला की भिंतीपलीकडून कर्र कर्र कर्र सुरू व्हायचं, अंगणातून, दारातून, लांब जात जात, आणि मी अंथरुणात दात आवळून ती पावलं मोजायचो. माझ्या पोटात खरोखर दुखायचं. आई ओवा द्यायची. औषधपाण्याच्या डब्यातला.

शेवटी मी मारुतीमामांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मामा खाली बसलेले, समोर लाकडी ठोकळा, कातड्याचा आणि भिजवलेल्या पाण्याचा वास. त्यांनी कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिलीने कड मारली.

"साधी का वाजनारी?"

"वाजनारी."

"आवाज किती पायजे? कट्ट्यापतोर का पेठंपतोर?"

"भिंतीपलीकडं ऐकू आला पायजे," मी म्हणालो.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागदावर दोन फुल्या मारल्या. म्हणजे दोन्ही पायांत दोन-दोन विंचू. विसार म्हणून मी आईच्या भावाकडून दसऱ्याला मिळालेले पैसे दिले. उरलेले आठ दिवसांनी वहाणा नेताना द्यायचे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते, मिळायची शक्यताही नव्हती.

ते मी सुपारीच्या डब्यातून काढले. सरळ लिहून टाकतो. इतकी वर्षं आईशिवाय कुणाला सांगितलं नाही तेवढं पुरे झालं. आई पाण्याला गेली होती. मी स्टुलावर चढलो, झाकण उघडलं आणि सगळ्या नोटा घेतल्या. मनाची समजूत अशी घातली की गणपतीपासून एकही पावणा फिरकलेला नाही, आता दिवाळीपर्यंत कोण येतोय, तोवर कुठूनतरी आणून ठेवू. कुठून, ते मनाने विचारलं नाही. तळाशी सुपारी तेवढी राहिली. झाकण लावताना ती आत गडगडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, पण तेव्हा मी दुसऱ्याच आवाजाच्या नादात होतो.

वहाणा आल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की मी किती मोठा गाढव आहे. चोरून विडी ओढणारा तोंडात वेलदोडा टाकतो. चोरून सिनेमाला जाणारा मित्राच्या घरी अभ्यासाला गेलो म्हणतो. मी चोरीच्या पैशाने अशी वस्तू घेतली होती जी पाऊल टाकलं की आपण होऊन बोंब मारते. त्या घरात नेणं शक्यच नव्हतं. मग मी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बंद गिरणीच्या खिडकीत त्या ठेवायला लागलो. घरातून जुन्या घालून निघायचं, गिरणीपाशी बदलायच्या, तालमीपर्यंत वाजत जायचं आणि येताना पुन्हा मुकं होऊन घरात शिरायचं. पण काय सांगू, ते चार दिवस! दोन फुल्यांच्या वहाणा होत्या त्या. विलासच्या एका कर्रला माझे दीड कर्र पडायचे. कट्ट्यावरची पोरं सरकली. विलासने माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"कुठनं केलास रं?"

"केल्या एका ठिकानी."

"लई वाजत्यात."

"वाजायच्याच की. तुझ्या वाजत न्हाईत व्हय?"

त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ताबडतोब ओळखलं, कारण ते मी कित्येक वर्षं आरशात बघत होतो. इतका आनंद मला पुढे नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नाही.

पाचव्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला जयसिंगपूरहून पावणं आले. दोघं होते. एक पागोटं घातलेले वयस्कर गृहस्थ आणि एक त्यांचे मेहुणे. वयस्करांचा मुलगा तिकडे एका दुकानात कामाला होता, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, नाव त्यांना आमच्या आत्याने सुचवलं होतं. कोर्टाच्या कामाला आलो होतो, सहज डोकावलो, असं ते म्हणाले. पण आमच्याकडे मुलीचं घर पहिल्यांदा बघायचं ते न कळवताच, ही जुनी पद्धत आहे. कळवून गेलं की घर सारवलेलं दिसतं, न कळवता गेलं की घर दिसतं. आई सगळं समजली. तिने पदर सावरला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "जेवूनच जायचं हं पावणं. मालक कामावर हाईत, त्येंना सांजंला निरोप देतो." आमच्याकडच्या बायका बोलताना देतो, जातो असंच म्हणतात.

"जेवायचं कशाला, उगं तरास," असं म्हणत वयस्करांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणजे ते जेवणार होते.

अक्का आत चुलीशी उभी होती, पांढरी फटक. त्याआधी दोन ठिकाणी तिचं फिसकटलं होतं. एका ठिकाणी रंगावरून, एका ठिकाणी आण्णांच्या पगारावरून. आई आत आली, स्टूल ओढलं, सुपारीचा डबा काढला. झाकण उघडण्याआधीच तो हलका आहे हे तिच्या हाताला कळलं असणार. तिने आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि माझ्या पायांत जुन्या वहाणा होत्या. ती रागावली नाही. बाहेर पावणं बसलेले असताना आई मरतानासुद्धा ओरडली नसती. तिने तमालपत्राचा डबा उघडला. त्यातही तमालपत्रच होतं. मग ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "पळ. काकीला म्हन, चटणीचा डबा माघारी दे. आत्ताच्या आत्ता पायजे म्हन."

मला काही समजलं नाही. पावणं दारात असताना चटणीचा डबा? मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. काकी मिक्सर पुसत बसली होती. मी निरोप सांगितला आणि तिचा हात थांबला.

"आत्ता?" ती म्हणाली. "रंगा, वयनीला सांग की, हंगाम सुरू झाला की देतो. आत्ता माझ्याकडं रुपाया न्हाय रं बाळा. ट्रकचं हप्तं, गाडीचं हप्तं. पाऊस सुरू झाल्यापासनं तुझ्या आईच्या डब्यावरच चूल पेटतीया आमची."

"चटणीच्या डब्यावर?"

"चटणीच्या खाली नोटा असत्यात की. तुला म्हाईत न्हाय?"

मी खोलीभर नजर फिरवली. खुंटीला विलासची नवी पँट लटकत होती. कोपऱ्यात त्याच्या वहाणा होत्या, तेल लावून भिंतीला टेकवलेल्या. मला सगळं एकदम दिसलं. आमचे चौथे रविवार कुठे गेले ते दिसलं. पातळ घुट्टं भुरकत मी ज्या हाडकाचा आवाज ऐकत होतो ते हाडूक माझंच होतं, आणि ते फडक्यात बांधून मीच पोचवलं होतं, वर हमाली म्हणून गुळाचा खडा खाल्ला होता. ज्या वहाणांवर मी जळत होतो त्यांतसुद्धा आमच्या घरचे पैसे असणार. माझा जळफळाट त्यामुळे कमी झाला म्हणाल तर मुळीच नाही. दुप्पट झाला.

पण अक्काची पांढरी फटक मुद्रा डोळ्यांसमोर होती. मी गिरणीकडे पळालो, खिडकीतून वहाणा काढून पायांत सरकवल्या आणि मारुतीमामांकडे गेलो. मामांनी त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. "मापाची वस्तू परत कोन घेतंय? तुझा पाय दुसऱ्या कुनाला हाय व्हय?" तसाच गुंडूआण्णांच्या मटणाच्या दुकानात गेलो. गुंडूआण्णा बुटके होते, पण पाय माझ्याएवढा, आणि दोन दिवसांपूर्वी मी दुकानावरून वाजत गेलो तेव्हा सुरी हातात धरून ते बघत राहिले होते. मी वहाणा ओट्यावर ठेवल्या आणि दम लागलेला असताना म्हणालो, "पावणं आल्यात. अक्काला बघाय. ह्या घ्या आन मटण द्या."

गुंडूआण्णांनी हात पुसले, खाली उतरले, वहाणा पायात सरकवल्या. दोन पावलं चालले. कर्र, कर्र. त्यांच्या तोंडावर हसू पसरलं, मग ते थांबले.

"चोरीच्या न्हाईत न्हवं?"

"न्हाईत," मी म्हणालो. वहाणा चोरीच्या नव्हत्याच.

त्यांनी दीड किलो तोललं, वर दोन नळ्या टाकल्या आणि म्हणाले, "पळ. पांढऱ्या रश्श्याला नळीच लागतीया."

मी अनवाणी घरी आलो, कारण जुन्या वहाणा घाईत गिरणीपाशीच राहिल्या होत्या. आईने पिशवी घेतली, माझ्या पायांकडे बघितलं आणि चुलीकडे वळली. तेवढ्यात मागच्या दाराने काकी आली. ओंजळीत खोबऱ्याची वाटी आणि काखेत तो मिक्सर. "वयनी, पैसं न्हाईत, पर वाटण मी करून देतो. दोन मिंटात हुतंय."

"मिक्सर नगं," आई म्हणाली. "पाट्यावरच्या चवीचं हुईत न्हाय त्यात. बस की, पाटा हितंच हाय."

मग काकी, जिने गेल्या तीन वर्षांत वरवंट्याला हात लावला नव्हता, ती आमच्या पाट्यापुढे बसली. खोबरं, खसखस, तीळ, आलं-लसूण, एकेक तिने वाटलं. हातातल्या बांगड्या वर सारल्या, घाम गळायला लागला. आई चुलीपुढे बसून मटण परतत होती आणि अधूनमधून मान वळवून तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात मला काहीतरी वेगळं दिसलं. पोट भरलेल्या माणसासारखं. मला वाटलं, संकटात जाऊ धावून आली म्हणून तिला बरं वाटत असेल.

जेवण झालं. तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं, भाकऱ्या अक्काने थापल्या. वयस्कर पावण्यांनी पांढरा रस्सा तीनदा मागून घेतला आणि हात धुताना मेहुण्यांना म्हणाले, "न सांगता येऊन ह्ये मिळालं. घर हाय." पंधरा दिवसांत सुपारी फुटली. अक्का आज जयसिंगपुरात नातवंडांच्या गोतावळ्यात आहे आणि तिचं लग्न माझ्या वहाणांनी जमलं हे तिला हे वाचूनच कळेल. तिच्या सासऱ्यांनी मरेपर्यंत त्या पांढऱ्या रश्श्याचं नाव काढलं, ते मात्र तिने मला कैकदा ऐकवलं आहे.

पावणं गेल्यावर, अक्का भांडी घासत असताना, आईने मला उंबऱ्यावर बसवलं. सुपारी माझ्यापुढे ठेवली.

"कुठं गेलं?"

मी सगळं सांगितलं. विसार, दोन फुल्या, गिरणीची खिडकी.

"कशापायी?"

"विलासच्या वाजत्यात म्हनून," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. पश्चात्तापाने म्हणावं तर तसं नव्हतं. रागाने फुटलं. "तू तर त्येंनाच दिलंस की सगळं! आमचं मटण त्येंना दिलंस! आमाला म्हनतीस ह्या डब्याचं त्या डब्यात न्हाय, आन सोता भिंतीपलीकडं घालतीस?"

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा आई भिंतीकडे, वरच्या फटीकडे बघत होती.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "माया हाय म्हनून देत न्हवतो मी. ती माझ्यापेक्षा धाकटी. आली तवा तिला भाकरी थापाय येत न्हवती. आन आता तिचा मिक्सर वाजाय लागला की माझ्या पोटात आग पडती. पाटा चालवता चालवता वाटतंय, उठावं आन भित पाडावी. आन मग ती मागल्या दारानं येती, मान खाली घालून, 'वयनी, हाय काय जरा?' त्ये ऐकाय लई ग्वाड वाटतंय रंगा. त्येवड्यासाठी देतो. मटणाच्या डब्यातलं काढून देतो. तू वहाणा घेतलास, मी त्ये घेतलं. दोघंबी सारकंच उधळं."

मी माझ्या आईला त्या दिवसापर्यंत आई म्हणूनच ओळखत होतो. उंबऱ्यावर शेजारी बसलेली ही बाई माझ्यासारखीच जळत होती, तीही त्याच भिंतीच्या अलीकडे, आणि माझ्याहून जास्त वर्षं. मला धक्का बसायला हवा होता. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि तिने ते ढकललं नाही.

"आता काकीला द्यायचं बंद?" मी विचारलं.

"बंद कसं? चूल पेटाय पायजे त्येंची. पर मटणाच्या डब्यातनं न्हाय."

पुढच्या पगाराला फळीवर सातवा डबा आला. आईने त्याच्या तळाशी एक वाळकी लाल मिरची टाकली आणि थोडे, अगदी थोडे पैसे. "ह्यो जळण्याचा," ती म्हणाली. "तुझा आन माझा. माझ्या निम्म्यातनं मी काकीला देनार. तुझ्या निम्म्याचं तू बग. ह्यात हाय तेवडंच जळायचं. संपलं की म्हयना सरपतोर तोंड मिटून बसायचं." पुढच्या पावसाळ्यापासून चौथ्या रविवारी पुन्हा मटण शिजायला लागलं. ते आणायला आई मला गुंडूआण्णांकडेच पाठवायची, मुद्दाम. ओट्यामागे ते तोलायला वळले की कर्र, सुरी घ्यायला वळले की कर्र. सहा वर्षं वाजल्या त्या वहाणा. माझ्या निम्म्यातून साठवून पुढच्या दसऱ्याला मी माझ्या वहाणा केल्या, एका फुलीच्या, पण तोवर विलासला घड्याळ आलं होतं.

आईचे सहा डबे घर बदलताना कुठे गेले ते कळलं नाही. सातवा मी आणला. आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो वरच्या कप्प्यात असतो, मिरची चार-पाच वेळा बदलली आहे. पेन्शन झाली की मी आठवणीने त्यात थोड्या नोटा ठेवतो, फोन असला तरी, आणि दुसऱ्याकडे बघून घ्यावीशी वाटलेली वस्तू फक्त त्यातूनच घेतो. सून हसते. हसू दे. परवा समोरच्या फ्लॅटमधल्या कुलकर्ण्यांनी नवी गाडी आणली. खाली पार्किंगमध्ये ते कुलूप लावतात तेव्हा ती दोनदा टुक टुक वाजते आणि ते मला चौथ्या मजल्यावर अंथरुणात ऐकू येतं. त्याच संध्याकाळी मी बाजारात जाऊन नवा गॉगल घेऊन आलो. महिना सरायला अजून बारा दिवस आहेत, आणि डब्यात मिरची तेवढी उरली आहे.